झाडांखालची जमीन

सिअ‍ॅटल शहरासमोरच्या खाडीत बेनब्रिज नावाचे एक बेट आहे. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात. १९९६ साली या बेटाच्या पाण्याची काळजी वाहणाऱ्या किटसॅप परगण्याच्या सार्वजनिक सेवा मंडळाला एक अगदी रोजच्या कामातला प्रश्न पडला होता. बेटावर पडणारा पाऊस कुठे मुरतो आणि कुठून वाहून समुद्राला मिळतो? हे सांगायचे तर जमिनीचे बारीक चढउतार माहीत हवेत. बेटावर फर आणि सीडरची इतकी दाट झाडी की विमानातून छायाचित्र काढले तर हाती फक्त शेंडे लागतात. म्हणून मंडळाने त्या वेळी नवे असलेले एक तंत्र वापरले. विमानातून लेसरचे किरण खाली सोडायचे, ते परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून जमिनीची उंची काढायची.

नकाशा तयार झाला. त्यात उत्तर-दक्षिण धावणाऱ्या समांतर सऱ्या दिसत होत्या. त्या अपेक्षितच होत्या, कारण सोळा हजार वर्षांपूर्वी या भागावरून सरकत गेलेल्या सुमारे एक किलोमीटर जाडीच्या हिमस्तराने जमीन तशीच ओरबाडून ठेवली आहे. पण बेटाच्या दक्षिण भागात या सऱ्यांना आडवी छेदणारी, पूर्व-पश्चिम जाणारी एक पायरी होती. हिमाने ती केली असणे शक्य नव्हते; हिम गेल्यावरच ती झालेली असणार. पाण्याच्या शोधात काढलेल्या नकाशात भूकंपाची खूण सापडली होती. टो जॅम हिल या टेकडीवरून त्या भ्रंशाला नाव मिळाले. लेसरच्या नकाशाने उघडकीला आणलेली ही पहिली भ्रंशपायरी.

गेल्या तीस वर्षांत भूशास्त्राच्या एका मोठ्या शाखेचे काम या तंत्राने बदलून टाकले. पण नकाशात दिसणे आणि माणसाला कळणे यांत किती अंतर असते, तेही याच तीस वर्षांनी दाखवले. त्या दोन्ही गोष्टींचा हा मागोवा.

प्रकाशाची मोजपट्टी

या तंत्राला लायडर म्हणतात. रडारमध्ये रेडिओलहरी जे काम करतात ते इथे प्रकाश करतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो. किरणाला जाऊन परत यायचे असते, म्हणून तेवढ्या वेळात पंधरा सेंटिमीटर उंचीचा फरक कळतो. तत्त्व एवढेच. १९६० साली लेसरचा शोध लागला आणि १९७१ साली अपोलो-१५ यानाने चंद्राभोवती फिरताना लेसरने चंद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजलीसुद्धा. मग पृथ्वीवरच्या जंगलाला पुढची पंचवीस वर्षे का लागली?

अडचण लेसरची नव्हती, विमानाची होती. विमान हलते, कलते, वाऱ्याने सरकते. किरण सुटला त्या क्षणी विमान नेमके कुठे होते आणि कोणत्या बाजूला किती झुकले होते हे सेंटिमीटरच्या हिशेबात कळल्याशिवाय खालच्या बिंदूची जागा ठरत नाही. ते कळण्यासाठी उपग्रहांवर आधारलेली जीपीएस यंत्रणा आणि विमानाचा कल नोंदवणारी जडत्वमापक उपकरणे यावी लागली. ही दोन्ही १९९० च्या दशकात पुरेशी अचूक आणि परवडणारी झाली, तेव्हा लायडर जंगलावरून उडू लागले.

झाडांखालची जमीन दिसते ती मात्र काही जादूने नव्हे. लेसर पानांना भेदून जात नाही. दाट झाडीत उभे राहून वर पाहिले तर पानांच्या फटींतून आकाशाचे तुकडे दिसतात; त्याच फटींतून काही किरण खाली पोचतात. लाखो किरण सोडले की त्यांतले थोडे जमिनीला टेकून येतातच. एकाच किरणाचे अनेक परतावेही मिळतात. पहिला शेंड्यावरून, मधले फांद्यांवरून, शेवटचा बहुधा जमिनीवरून. मग संगणक सगळ्यांत खालचे बिंदू वेचून झाडे आणि घरे वजा करतो आणि उघडी जमीन उरते. सिअ‍ॅटलच्या परिसरात ही उड्डाणे मुद्दाम हिवाळ्यात, पानगळ झाल्यावर केली गेली.

उरलेल्या उंचीच्या आकड्यांवर संगणकातला एक खोटा सूर्य प्रकाश टाकतो आणि छायाप्रकाशाचा नकाशा तयार होतो. हा सूर्य सहसा वायव्येला, अर्ध्या आकाशावर ठेवतात. सिअ‍ॅटलमध्ये खरा सूर्य त्या जागी कधीच नसतो. पण प्रकाश वरच्या डाव्या बाजूने येतो असे गृहीत धरायची माणसाच्या डोळ्याला सवय आहे. तो खालून आला तर टेकड्यांच्या दऱ्या दिसू लागतात. म्हणजे या काटेकोर नकाशातही शेवटचे वाचन डोळ्याचेच.

आधीचे पुरावे

बेनब्रिजची पायरी सापडली तेव्हा सिअ‍ॅटलखाली भ्रंश आहे ही शंका नवी नव्हती. डिसेंबर १९९२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात पाच शोधनिबंध आले होते. प्रत्येकाचा पुरावा वेगळा होता आणि सगळे एकाच दिशेने बोट दाखवत होते. बेनब्रिजच्या आग्नेय टोकाला रिस्टोरेशन पॉइंट येथे एकेकाळी लाटांनी झिजून सपाट झालेला समुद्रतळाचा खडक सात मीटर वर उचलला गेला होता. सिअ‍ॅटलच्या वेस्ट पॉइंटला दलदलीच्या थरावर त्सुनामीने आणून टाकलेल्या वाळूचा पट्टा होता. वॉशिंग्टन सरोवराच्या तळाशी अख्खी जंगले दरडीबरोबर घसरून उभीच्या उभी बुडालेली होती. सरोवराच्या गाळात मोठ्या हादऱ्यानंतर बसणारे थर होते. ऑलिंपिक पर्वतात खडकांचे प्रचंड ढिगारे कोसळून प्रवाह अडले होते. हे सारे सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे.

त्याही आधी ही गोष्ट सांगणारे लोक तिथे होते. या खाडीच्या काठी राहणाऱ्या सेलिश भाषाकुलातील आदिवासी समाजांच्या कथांत 'अयाहोस' नावाची एक शक्ती येते. तिचे रूप शिंगे असलेल्या सर्पाचे आणि तिचा संबंध जमीन हादरण्याशी नि दरडी कोसळण्याशी. रूथ लडविन या भूकंपशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी, ज्यांत आदिवासी समाजातले अभ्यासकही होते, यांनी २००५ साली दाखवले की या कथांशी जोडलेल्या जागा सिअ‍ॅटल भ्रंशाच्या आसपास आहेत. शेषाने डोके हलवले की धरणी कापते, हे आजीकडून ऐकलेल्या आपल्याला त्या सर्पाची फार ओळख करून द्यायला नको. फरक इतकाच की तिथल्या कथेत सापाचा पत्ताही सांगितलेला होता.

उणीव होती ती भ्रंशाची. परिणाम दिसत होते, जमीन नेमकी कुठे फाटली ती रेघ दिसत नव्हती. ती झाडांखाली होती. दोन-चार मीटर उंचीची पायरी जंगलात उभ्या असलेल्या माणसाला साधा उतार वाटते, आणि जुन्या नकाशातल्या समोच्च रेषांच्या मधल्या जागेत ती हरवून जाते.

नकाशानंतर कुदळ

लायडर रेघ दाखवते, तारीख सांगत नाही. शिवाय ती फसवतेही. लाकूडतोडीच्या जुन्या गाड्यांचे रूळमार्ग, शेतांचे बांध, बुजलेले रस्ते हेही नकाशात सरळ, रेखीव पायऱ्यांसारखे दिसतात. म्हणून नकाशा हाती आल्यावर भूशास्त्रज्ञांना पुन्हा चिखलातच जावे लागले. टो जॅम हिलच्या पायरीला आडवे पाच चर खणले गेले. चराच्या भिंतीत थर वाकलेले आणि तुटलेले दिसले, आणि पायरीच्या कडेवरून ढासळलेल्या मातीखाली गाडली गेलेली जुन्या जंगलाची काळी माती दिसली. त्या मातीतल्या कोळशाचे रेडिओकार्बन कालमापन केल्यावर निष्कर्ष निघाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. गेल्या अडीच हजार ते एक हजार वर्षांच्या दरम्यान या भ्रंशावर तीन, कदाचित चार भूकंप झाले होते, त्यांची तीव्रता साताच्या आसपास होती.

त्याहून अस्वस्थ करणारा आकडा दोन भूकंपांमधल्या अंतराचा होता. ते कधी शंभर वर्षे किंवा त्याहूनही कमी, तर कधी बारा हजार वर्षे. भूकंप ठरावीक काळाने येतो, मागचा होऊन इतकी वर्षे झाली म्हणजे पुढचा इतक्या वर्षांनी, असा हिशेब मांडायची आपल्याला सवय असते. या भ्रंशाने तो हिशेब मान्य केलेला नाही.

शेवटच्या मोठ्या भूकंपाची तारीख मात्र पुढे फारच नेमकी कळली. इसवी सन ७७४-७५ मध्ये अवकाशातून आलेल्या प्रारणाच्या एका झोताने जगभरच्या झाडांच्या त्या वर्षीच्या कड्यांत किरणोत्सारी कार्बनची ठळक खूण उमटवली. वेरूळचे कैलास लेणे ज्या शतकात कोरले गेले, त्याच शतकातली ही घटना. सिअ‍ॅटलच्या परिसरात भूकंपात बुडालेल्या आणि गाडल्या गेलेल्या झाडांमध्ये संशोधकांनी ती खूण शोधली आणि तिथून सालीपर्यंतची वर्तुळे मोजली. २०२३ साली जाहीर झालेले उत्तर असे : ही सारी झाडे ९२३ सालच्या अखेरीपासून ९२४ च्या सुरुवातीपर्यंतच्या एकाच हंगामात मेली. ती एकाहून अधिक भ्रंशांच्या परिसरातली होती, त्यामुळे हे भ्रंश एकदम तरी फुटले असावेत किंवा थोड्याच अवधीत एकामागोमाग. महाराष्ट्रात राष्ट्रकूटांचे राज्य होते त्या काळातल्या, लेखी इतिहास नसलेल्या प्रदेशातल्या एका घटनेचा हंगामसुद्धा आज सांगता येतो.

नकाशा सर्वांचा

बेनब्रिजच्या शोधानंतर १९९९ साली प्युजेट साउंड लायडर कन्सॉर्शियम नावाचा एक सैलसर गट उभा राहिला. अमेरिकेचे भूशास्त्रीय सर्वेक्षण खाते, नासा, परगण्यांची आणि शहरांची कार्यालये यांनी पैसे एकत्र केले. कुणाला भूकंप हवा होता, कुणाला पुराचे पात्र, कुणाला गटारांचे उतार. उड्डाण एकच, उपयोग अनेक. आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे आकडे सर्वांसाठी खुले ठेवायचे. दर सहा फुटांवर एक उंची, अशा जाळीत सारा प्रदेश हळूहळू मांडला गेला. टॅकोमा, व्हिडबी बेट, ऑलिंपिक पर्वताचा पायथा, एकेका ठिकाणी नव्या पायऱ्या दिसू लागल्या.

दक्षिणेकडे कॅलिफोर्नियात २००५ साली सॅन अँड्रियास भ्रंशाच्या दक्षिण भागाची लेसरने मोजणी झाली. प्रकल्पाचे नाव 'बी-फोर', म्हणजे भूकंपाच्या आधी. पुढचा मोठा भूकंप होईल तेव्हा तुलनेसाठी आधीची जमीन नोंदलेली असावी, हा हेतू. पण या नोंदीने आधी मागचाच इतिहास दुरुस्त केला. १८५७ सालच्या फोर्ट टेहोन भूकंपात कॅरिझो मैदानातली जमीन आठ-नऊ मीटर सरकली, असे ओढ्यांच्या तुटलेल्या पात्रांवरून मानले जात होते. २०१० साली लायडरवरून शेकडो लहान ओहोळांची मोजणी झाली, आणि ते सरकणे सरासरी पाच मीटरच्या थोडे वर निघाले. जुन्या अभ्यासकांनी जे एका भूकंपाचे म्हणून मोजले होते, त्यात त्याआधीच्या भूकंपाचा वाटाही मिसळलेला होता. आकडा लहान झाला याचा अर्थ धोका कमी झाला असा नाही. एका वेळी कमी सरकणारा भ्रंश साठलेला ताण संपवण्यासाठी अधिक वेळा सरकतो.

आधी आणि नंतर अशी जोडी प्रत्यक्षात मिळाली ती मेक्सिकोत. ४ एप्रिल २०१० रोजी बाहा कॅलिफोर्नियात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या प्रदेशाची २००६ साली वेगळ्याच कारणाने लायडर मोजणी झालेली होती. भूकंपानंतर पुन्हा विमान उडवले आणि एका नकाशातून दुसरा वजा केला. फाटलेल्या रेषेबरोबरच आजूबाजूची जमीन कशी वाकली तेही प्रथमच इतक्या तपशिलात दिसले.

ओसो

२२ मार्च २०१४, शनिवार, सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. सिअ‍ॅटलच्या ईशान्येला ओसो या गावाजवळ स्टिलाग्वामिश नदीच्या उत्तर शाखेवरचा एक डोंगरउतार सुटला. सुमारे ऐंशी लाख घनमीटर माती नदी ओलांडून किलोमीटरभर धावली आणि स्टीलहेड हेवन ही वस्ती तिने गाडून टाकली. त्रेचाळीस माणसे गेली. सुट्टीचा दिवस, बरीच माणसे घरी होती.

त्या खोऱ्याचा लायडर नकाशा २००३ पासून उपलब्ध होता, तोही सर्वांसाठी खुला. दुर्घटनेनंतर तो जगभर छापला गेला आणि ज्यांनी पाहिला त्यांना भूशास्त्र शिकलेले असण्याची गरज पडली नाही. नदीच्या दोन्ही काठांना, एकाला लागून एक, शिंपल्यासारखे खोलगट कडे आणि त्यांच्या पुढ्यात जिभेसारखे पसरलेले ढिगारे. सबंध खोरे जुन्या दरडींनी भरलेले होते. काही दरडी तर २०१४ च्या दरडीहून मोठ्या. झाडी वाढली होती म्हणून खालून पाहणाऱ्याला तो नुसता हिरवा डोंगर होता.

इशारा नव्हता असेही म्हणता येत नाही. हाच उतार २००६ साली घसरून नदी अडली होती. त्याआधी १९९९ साली, सरकारी कामासाठी लिहिलेल्या एका अहवालात तिथे मोठी कोसळ होण्याची शक्यता नोंदवलेली होती. पण तो अहवाल नदीतल्या गाळाबद्दल आणि माशांबद्दल होता. खाली राहणाऱ्यांसाठी तो लिहिलेला नव्हता. नकाशा होता, अहवाल होता, आणि या दोन्ही गोष्टी त्या वस्तीच्या दारापर्यंत नेऊन पोचवणे हे कुणाचेच नेमून दिलेले काम नव्हते.

ओसोनंतर दोन गोष्टी घडल्या. संशोधकांनी लायडरवरून जुन्या दरडींची वये लावायची पद्धत बसवली. ताज्या दरडीचा पृष्ठभाग खडबडीत असतो, पाऊस-वारा आणि झाडांची मुळे शतकानुशतके तो गुळगुळीत करत नेतात; एखाद्या दरडीतल्या गाडलेल्या लाकडाचे वय काढून हा खडबडीतपणा वर्षांत वाचता येतो. २०१६ सालच्या या अभ्यासातून दिसले की हिम गेल्यापासून या खोऱ्यात मोठ्या दरडी थांबलेल्याच नाहीत, आणि शेजारची एक प्रचंड दरड काही शतकांपूर्वीचीच आहे. दुसरी गोष्ट विधिमंडळात घडली. वॉशिंग्टन राज्याने २०१५ साली कायदा करून राज्याच्या भूशास्त्र खात्यावर लायडर नकाशे जमवण्याची, दरडींची नोंद करण्याची आणि ती माहिती लोकांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी टाकली. कुणाचेच नसलेले काम कुणाचे तरी झाले.

सह्याद्रीच्या बाजूने

ओसोला चार महिने होऊन थोडेच दिवस उलटले होते की जणू त्याच गोष्टीचा आपल्याकडचा अध्याय आला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, पन्नासहून अधिक माणसे मिळालीच नाहीत. धोकादायक ठिकाणांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभरच्या दरडप्रवण भागांचे नकाशे हाती घेतले, ते १:५०,००० या प्रमाणावर. म्हणजे नकाशातला एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. कोणता डोंगरपट्टा धोक्याचा, हे त्यावरून ठरते. पण इर्शाळवाडीसारखी पन्नासएक घरांची वाडी अशा नकाशावर बोटाच्या नखाखाली झाकली जाते. त्या घरांच्या वरच्या उतारावर जुन्या दरडीची खोबण आहे का, जमिनीला भेग पडून एखादी पायरी झाली आहे का, हे कळायला मीटरच्या हिशेबातली जमीन लागते.

ही मोजणी आपल्याला अनोळखी नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग आखताना विमानातून लायडर सर्वेक्षण झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ज्या कोयनेने महाराष्ट्राला हादरवले, त्या कोयना-वारणा भागाचेही लायडर सर्वेक्षण झाले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी झाडीखालच्या बेसाल्टवरच्या रेषा त्यातून वाचल्या आणि धरणाच्या परिसरात होत राहणाऱ्या भूकंपांशी त्यांचा संबंध तपासला. त्याच परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर खणून दख्खनच्या काळ्या पाषाणाखालचा ग्रॅनाइट बाहेर काढला गेला. वरून प्रकाश, खालून गिरमिट, अशी दुहेरी चौकशी आपल्याच डोंगरात झाली आहे.

कायद्याची बाजूही सैल झाली आहे. फेब्रुवारी २०२१ पर्यंत भारतात एवढ्या बारकाईचा नकाशा काढायचा तर परवानग्यांची रांग लागे. त्या महिन्यात केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढून भारतीय संस्थांना ते मोकळे केले.

आता उरतो तो प्रश्न ओसोचाच आहे. लेसरने पाहिलेली जमीन कुणाच्या टेबलावर जाते? रेल्वेमार्गासाठी काढलेला नकाशा रेल्वेच्या कचेरीत राहतो, संशोधनाचा नकाशा शोधनिबंधात. बेनब्रिजचा नकाशा पाणी मोजणाऱ्यांच्या कपाटात राहिला असता तर ती पायरी आजही फरच्या झाडांखाली असती. तो भूशास्त्रज्ञांच्या हाती पडला म्हणून अकराशे वर्षांपूर्वीचा भूकंप सापडला. ओसोचा नकाशा खुला असूनही वस्तीपर्यंत गेला नाही, म्हणून त्रेचाळीस माणसांना तो मेल्यावर मिळाला. सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांवरचे उतार मोजायला विमान, लेसर आणि परवानगी यांपैकी आता काहीच अडत नाही. मोजलेले आकडे तलाठ्याच्या चावडीपर्यंत, आणि तिथून पावसाळ्याआधी वाडीवरच्या घरापर्यंत नेण्याचे काम कुणाचे, हे मात्र कागदावर लिहून ठरवावे लागेल.